पित्ताची गोळी, रक्ताची गोळी

"पोरी, ही पट्टी परत घेशील का? फोडलेली नाही अजून."

परळहून लालबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. उरलेली औषधं परत आणणारे रोज दोन-चार तरी येतातच. हे काका मात्र नेहमीचे. बेस्टमधून निवृत्त झालेले, चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे. चार महिन्यांपूर्वी त्यांची ॲन्जिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला होता. हातात पॅन्टोप्राझोलची अख्खी पट्टी. कारण विचारलं तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. कुणीतरी पाठवलेला निरोप होता: स्टेंटवाल्यांनी पित्ताची गोळी घेतली की रक्त पातळ करायची गोळी निकामी होते आणि दुसरा झटका येतो. तो वाचल्यापासून, म्हणजे बारा दिवस, काकांनी पित्ताची गोळी बंद ठेवली होती.

"आणि गुडघ्याचं काय?" मी विचारलं.

"त्याची घेतो की रोज एक. जेवून घेतो."

पुढचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, पण तो विचारावाच लागतो. शौचाचा रंग कसा आहे? काका गप्प झाले. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक बाजूला सरकल्यावर हळूच म्हणाले, "चार दिवस काळी होतेय. डांबरासारखी. मला वाटलं, पालक खाल्ला म्हणून."

मी पट्टी परत घेतली नाही. मुलाला फोन करून बोलावलं आणि दोघांना तसंच केईएम रुग्णालयाच्या अपघात विभागात पाठवलं. जठरात व्रण होता, त्यातून रक्त जात होतं. दुर्बीण घालून ते थांबवलं, दोन बाटल्या रक्त चढवलं. काका बरे होऊन घरी आले. पण तो निरोप अजून फिरतोच आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. त्या निरोपात एक कण खरा आहे. पूर्ण खोटा असता तर कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

"पित्ताची गोळी रक्ताच्या गोळीला मारते"

खरा कण आधी सांगते. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची गोळी आपण गिळतो तेव्हा ती अजून तयार औषध झालेली नसते. यकृतात तिच्यावर प्रक्रिया होते आणि मग तिच्यातून प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारं औषध तयार होतं. हे काम मुख्यतः सीवायपी २सी१९ नावाचं एन्झाइम करतं. ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल या पित्तावरच्या दोन गोळ्या नेमकं हेच एन्झाइम अडवून धरतात. म्हणजे ओमेप्राझोल चालू असलेल्या माणसाच्या अंगात क्लोपिडोग्रेलचं तयार औषध कमी पडतं. रक्ताच्या तपासणीत हे दिसतं. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये, या दोन गोळ्या क्लोपिडोग्रेलसोबत टाळा, असा इशारा दिला. तो आजही कायम आहे.

पण तो इशारा या दोन गोळ्यांपुरता आहे. पॅन्टोप्राझोल त्या एन्झाइमला फारच कमी अडवतं. काकांच्या हातात पॅन्टोप्राझोलच होतं, आणि डॉक्टरांनी ते विचार करूनच लिहिलं होतं.

शिवाय तपासणीत प्लेटलेट कमी दबलेल्या दिसल्या म्हणून खरोखर झटके वाढतात का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर शोधणारी कोजेंट नावाची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही चालू असलेले ३,७६१ रुग्ण. निम्म्यांना सोबत ओमेप्राझोल दिलं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. सहा महिन्यांत पोटातला रक्तस्राव आणि तत्सम त्रास नुसत्या गोळीच्या गटात २.९ टक्क्यांना झाला, ओमेप्राझोलच्या गटात १.१ टक्क्यांना. हृदयाच्या घटना अनुक्रमे ५.७ आणि ४.९ टक्के, म्हणजे ओमेप्राझोलमुळे त्या वाढल्या नाहीत. निरोप लिहिणाऱ्याने २००९ चं अर्धं वाक्य उचललं आणि २०१० चं पान उलटलंच नाही.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही चाचणी पैशाअभावी मध्येच थांबली, त्यामुळे हृदयाचा प्रश्न तिने कायमचा मिटवला असं म्हणता येत नाही. म्हणून माझं मत साधं आहे: क्लोपिडोग्रेल चालू असेल आणि पॅन्टोप्राझोल त्याच फळीवर मिळत असेल, तर ओमेप्राझोलचा हट्ट कशाला? आपल्याकडे तर काळजीला आणखी एक कारण आहे. हे एन्झाइम जन्मतःच मंद असलेले लोक दक्षिण आशियात खूप आहेत. ब्रिटनमधल्या बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांवरच्या २०२३ च्या मोठ्या अभ्यासात ५७ टक्के माणसांमध्ये ते कमी किंवा फारच कमी काम करताना आढळलं. जे मुळातच हळू चालतंय त्याच्या वाटेत आणखी धोंडा नको.

क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल घेणाऱ्यांनी मात्र ही धास्ती बाळगू नये. त्या गोळ्या या एन्झाइमवर अवलंबून नाहीत.

आणखी एक तोडगा दादर-गिरगावात सर्रास ऐकू येतो: ओमेप्राझोल सकाळी, क्लोपिडोग्रेल रात्री, म्हणजे दोघांची गाठच पडत नाही. दिसायला हुशारीचा, पण उपयोग शून्य. दोन्ही गोळ्यांमध्ये बारा तासांचं अंतर ठेवलं तरी परिणाम तसाच राहतो, हे तपासून पाहिलेलं आहे. गोळीच बदलावी लागते, आणि ती डॉक्टरांनी बदलायची.

मुळात पित्ताची गोळी लिहितात कशाला?

"मला जळजळ होतच नाही, मग ही कशाला?" हा प्रश्न केईएममधून केसपेपर घेऊन आलेला प्रत्येक तिसरा माणूस विचारतो. या गोळीचं काम इथे जळजळ थांबवण्याचं नाही, राखणीचं आहे.

ॲस्पिरिन प्लेटलेटना शांत करतं, पण त्याच वेळी जठराच्या आतल्या अस्तराला सांभाळणारी द्रव्यंही कमी करतं. अस्तर उघडं पडतं, आम्ल त्याला चावतं, व्रण होतो. क्लोपिडोग्रेल स्वतः फारसा व्रण करत नाही, पण झालेला व्रण भरून येऊ देत नाही. वॉरफरिन, ॲसिनोकुमॅरोल, रिव्हारॉक्झाबॅन, एपिक्झाबॅन या रक्ताच्या गोळ्यांमुळे तिथून वाहणारं रक्त लवकर थांबत नाही. वय पासष्टच्या पुढे असेल, पूर्वी अल्सर झाला असेल, दोन-दोन रक्ताच्या गोळ्या चालू असतील, स्टिरॉइड असेल, तर धोका चढत जातो. म्हणूनच युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ मध्ये ॲस्पिरिनसोबत दुसरी प्लेटलेटविरोधी गोळी चालू असताना पित्ताची गोळी सोबत द्यावी, अशी ठाम शिफारस केली.

"माझी ॲस्पिरिन कोटिंगवाली आहे, ती पोटाला लागत नाही," असंही म्हणतात. कोटिंगमुळे गोळी जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळते, एवढंच. तिथून ती रक्तात जाते आणि रक्तातून फिरून जठराच्या अस्तरावर तोच परिणाम करते. जळजळ कदाचित कमी वाटेल, रक्तस्रावाचा धोका कमी होत नाही.

आणि "रक्त पातळ होणं" हा शब्दच आपली दिशाभूल करतो. रक्त ताकासारखं पातळ होत नाही. ते होतं तितकंच दाट राहतं, फक्त गुठळी उशिरा धरतं. काही जण पाणी जास्त पितात, काही लसणाच्या पाकळ्या वाढवतात आणि "आता रक्त पातळ झालं असेल" म्हणून गोळी सोडून देतात. नवीन स्टेंटमध्ये गुठळी धरायला फार दिवस लागत नाहीत. क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन मनाने बंद करणं ही या सगळ्या लेखातली सर्वांत मोठी चूक आहे. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

पेनकिलर

खरं तर मला या विषयावरच लिहायचं होतं. काकांच्या व्रणामागे पित्ताची बंद केलेली गोळी होती, पण तिच्याइतकीच गुडघ्यासाठी रोज एक घेतलेली ती दुखण्याची गोळीही होती. तिची आठवणसुद्धा कुणाला राहत नाही. केसपेपरवर नसते, डॉक्टरांना सांगितली जात नाही, "ती काय औषध आहे का!" म्हणून सुटते.

गणपतीचे दिवस आले की लालबागमध्ये आमची दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात. १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाच्या दर्शनाला माणसं तासन्‌तास उभी राहतात. नवसाच्या रांगेत तर रात्र उलटून जाते. कुणाचा उपास असतो, कुणी फक्त चहा-बिस्किटावर. पायात गोळे येतात, कंबर भरून येते. मग एक हात काउंटरवर येतो: "ताई, दुखण्यावर एक स्ट्रॉन्ग द्या." आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, अशी त्यांची मागणी असते. मी विचारते, बीपी, शुगर, हार्टची गोळी चालू आहे का? सगळे आधी नाही म्हणतात. "छोटी पांढरी, रात्री जेवल्यावर घ्यायची" असं म्हटलं की मग आठवते. ती ॲस्पिरिन असते.

रिकामं पोट, रक्ताची गोळी आणि वर ही पेनकिलर, याहून वाईट मेळ शोधून सापडणार नाही. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्ताची गोळी घेणाऱ्या डेन्मार्कमधल्या रुग्णांच्या अभ्यासात अशी पेनकिलर घेतल्यावर गंभीर रक्तस्राव साधारण दुप्पट झालेला दिसला, आणि तोही थोड्याच दिवसांच्या वापराने. आयबुप्रोफेनची तर आणखी एक खोड आहे: ॲस्पिरिनला प्लेटलेटवर जिथे बसायचं असतं ती जागा ते आधीच अडवून ठेवतं. त्या दिवशीची ॲस्पिरिन गिळूनही न घेतल्यासारखी होऊ शकते.

"पण मी सोबत पित्ताची गोळी घेते ना!" हे म्हणणाऱ्या मावश्यांना मी हात जोडते. पित्ताची गोळी जठर आणि त्याच्या लगतच्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची राखण करते, कारण आम्ल तिथवरच असतं. त्याच्या खालच्या कितीतरी फूट आतड्याला तिचा काही आधार नाही. मूत्रपिंडाला नाही आणि हृदयालाही नाही. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल त्यामानाने बरं, तेही सांगितलेल्या प्रमाणातच. ॲसिनोकुमॅरोल किंवा वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र पॅरासिटॅमॉलही दिवसाला चार-चार गोळ्या असं आठवडाभर चालवू नये. त्यानेसुद्धा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वर जातो.

आयएनआरवाली मंडळी

लहानपणी घसा आणि सांधे धरून येणारा वातज्वर अंगावर काढला आणि तिशीत हृदयाची झडप बदलावी लागली, अशी माणसं परळच्या रस्त्यावर मी किती पाहिली आहेत. धातूची झडप बसली की ॲसिनोकुमॅरोल किंवा वॉरफरिन जन्मभराचं. त्यांच्याकडे आयएनआरची वही असते, आणि ती वही ते पासबुकाइतकी जपतात.

या लोकांसाठी पित्ताची गोळी वर्ज्य नाही. ओमेप्राझोलसारख्या गोळीने आयएनआर थोडासा वर सरकू शकतो, म्हणून ती सुरू करताना आणि बंद करताना एक तपासणी जास्तीची करून घ्यावी. यांना खरी भीती दुसरीकडून आहे: जुलाबावर सहज घेतली जाणारी मेट्रोनिडाझोल, बुरशीवरची फ्लुकोनाझोल, लघवीच्या संसर्गावरची को-ट्रायमोक्झाझोल. या आयएनआर सरळ उडवतात. पोट बिघडलं म्हणून शेजारणीच्या डब्यातली गोळी घेतली आणि हिरड्यांतून रक्त आलं, असं होतं.

पालेभाज्यांबद्दलचा गैरसमजही इथलाच. "अळूचं फदफदं बंद, मेथी बंद, पालक बंद." बंद करायची गरज नाही. त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचा जोर कमी होतो हे खरं, पण डॉक्टर तुमच्या नेहमीच्या जेवणाला धरूनच डोस बसवतात. आठवडाभर पालेभाजीच नाही आणि श्रावणात रोज अळूवड्या, असं एकदम उलटसुलट करू नका, इतकंच.

डाबिगॅट्रान ही रक्ताची दुसरी गोळी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. ही कॅप्सूल रक्तात नीट उतरायला आंबट वातावरण लागतं, म्हणून तिच्या दाण्यांच्या पोटातच आम्ल भरलेलं असतं. पित्ताच्या गोळीने तिचं प्रमाण थोडं उतरतं, पण त्यासाठी डोस बदलावा लागत नाही. कॅप्सूल उघडून दाणे पाण्यात टाकून मात्र घेऊ नका. मग ती अंगात गरजेपेक्षा जास्त उतरते.

नावापुढचं एक अक्षर

आपल्याकडे पित्ताच्या गोळीच्या नावापुढे बरेचदा ‘डी’ असतो. लोक तोच मागतात, "नुसती नको, डीवाली द्या, तिने गॅस जातो." हा डी म्हणजे डॉम्पेरिडोन. उलटी-मळमळीचं हे औषध हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये त्याचा वापर मर्यादित केला आणि हृदय कमजोर असलेल्यांना ते देऊ नये, असं सांगितलं. म्हणजे ज्यांना पित्ताच्या गोळीची सर्वांत जास्त गरज, त्याच हृदयरुग्णांच्या पिशवीत हा डी नकळत जाऊन बसतो. पित्ताच्या गोळीबद्दल भीती बाळगायचीच असेल तर ती या अक्षराची बाळगा आणि डॉक्टरांना विचारा की मला डी हवाच आहे का.

‘ए’चंही तसंच. क्लोपिडोग्रेलच्या अनेक ब्रँडच्या नावापुढे ‘ए’ आला की आत ॲस्पिरिन असतं. एका डॉक्टरांनी ‘ए’वाली दिली, घरात आधीची ॲस्पिरिन चालूच, आणि माणूस दुप्पट डोस घेत राहतो.

वर्षानुवर्षं पित्ताची गोळी घेऊन हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते, विसरभोळेपणा येतो, असंही बोललं जातं. रिव्हारॉक्झाबॅन आणि ॲस्पिरिनवरच्या कंपास चाचणीत साडेसतरा हजार रुग्णांना पॅन्टोप्राझोल किंवा औषध नसलेली गोळी देऊन सरासरी तीन वर्षं पाहिलं. फरक दिसला तो फक्त आतड्याच्या संसर्गात, १ टक्क्याऐवजी १.४. शुद्ध शाकाहारी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी बी-१२ मात्र तपासून घ्यावं. आणि कारण संपल्यावरही सवयीने गोळी चालू राहू नये, म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांना विचारावं की अजून लागतेय का. ती घ्यायची सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जेवणानंतर आंबट ढेकर आल्यावर घेतली तर निम्मं काम वाया.

पित्तावर आमसुलाचं सार प्या, माझी हरकत नाही. ज्येष्ठमध रोज चघळणाऱ्यांनी मात्र सांभाळा. त्याने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

गोळ्यांचा विचित्र परिणाम जाणवला तर तो कळवण्याची सोय आहे. देशाचा औषध-दुष्परिणाम नोंदणी कार्यक्रम २००५ मध्ये उभा राहिला तेव्हा त्याच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक आमच्या शेजारचं केईएमच होतं. आज १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतःही नोंद करू शकतो.

एका जळजळीपुढे मात्र यातलं काहीच लागू नाही. छातीच्या मधोमध जडपणा, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चालल्यावर वाढणारी जळजळ. पन्नाशीच्या पुढचा, मधुमेही किंवा स्टेंट बसवलेला माणूस "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन पंख्याखाली बसतो, तेव्हा वेळ हातातून निसटत असते. सोडा नको, पित्ताची गोळी नको, १०८ ला फोन करा.

काका आता दर महिन्याला येतात. दवाखान्यातून परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी घरातला स्टीलचा डबा माझ्या काउंटरवर आणून उलटा केला होता. सदतीस गोळ्या सुट्या, कापलेल्या पट्ट्यांच्या तुकड्यांत, आणि त्यातल्या अकरा गोळ्यांवर नावच नव्हतं. नाव पट्टीच्या दुसऱ्या अर्ध्यावर राहून गेलेलं. तसे तुकडे आम्हीच कापून देतो, रोज, न बघता. कायद्याने २०१८ पासून औषधाचं मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात छापायचं, पण कात्रीला ते कुठे माहीत! त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून त्या अकरा गोळ्या वेगळ्या काढल्या.

परवा पैसे कमी होते म्हणून त्यांनी दहाऐवजी पाचच मागितल्या. मी कात्री उचलली तर त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.

"नावाची बाजू मला दे, पोरी. कोरी तुझ्याकडे ठेव."